कहवा ऊर्फ बुंद : त्याच्या गुणदोषांची जुनी साक्ष व तिची पारख

जुन्या वैद्यकी बाडांचा संग्रह करणारांस एक अनुभव नित्य येतो. मूळ ग्रंथाची समाप्ति होऊन ‘शुभं भवतु’ लिहिलें गेलें, कीं पुढील कोऱ्या पानांवर निरनिराळ्या हातांनीं व निरनिराळ्या शाईनें औषधी कृति उतरलेल्या असतात. त्यांत बुंद, कहवा किंवा कॉफी असा शब्द दिसला म्हणजे संग्राहकाचें कुतूहल जागें होतें आणि दोन मोह एकदम उत्पन्न होतात. बाड जितकें जुनें तितकी ही कृतिहि जुनी असें धरून कॉफीस शंभर-दीडशें वर्षें मागें ढकलावें, हा पहिला मोह. दुसरा याहून घातक. जुन्या हातानें लिहिलें आहे त्या अर्थीं तें गुणकारी असलेंच पाहिजे, असें समजून घरांत त्याचा प्रयोग करावा, हा तो होय. पहिल्यानें इतिहासाची हानि होते, दुसऱ्यानें प्रकृतीची.

प्रस्तुत लेखांत या दोन्ही मोहांचा विचार करावयाचा आहे. कॉफीच्या गुणदोषांविषयीं जुन्या लेखकांनीं काय साक्ष दिली, त्या साक्षीचा आमच्या शहराशीं संबंध कसा येतो, आणि आजच्या वैद्यकाच्या कसोटीस तिच्यांतील किती भाग उतरतो, हें क्रमानें पाहूं. आमचें शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर. जुन्या कागदांत खडकी, फत्तेनगर व औरंगाबाद या नांवांनीं येणारें. कॉफीचे मळे या प्रांतांत नाहींत; पण कॉफीविषयीं लिहिणारीं कांहीं माणसें या गांवावरून गेलीं, आणि एकानें तर येथें सुभेदारी केली, हें पुढें दिसून येईल.

प्रथम शब्दांचा निवाडा करूं. अरबींत ‘कहवा’ हा शब्द पूर्वीं मद्यवाचक होता. पुढें तो या काळ्या पेयास लागला. बियांस अरबींत ‘बुन्न’ म्हणतात व त्याच घराण्यांतील आपले ‘बुंद’ आणि ‘बुंददाणे’ हे शब्द होत. म्हणजे बुंद हें बीं आणि कहवा हें त्या बियांचें पेय, असा मूळचा भेद आहे. ‘कॉफी’ हें तिसरें रूप कहव्याचेंच. तुर्की उच्चारावरून युरोपांत गेलेलें व इंग्रजांबरोबर आपल्याकडे परत आलेलें. मोडी वाचणारांनीं येथें सावध असावें. मोडींत उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नाहीं, त्यामुळें कॉफीचें बुंद आणि थेंब या अर्थाचा बूंद हे एकसारखेच दिसतात. ‘बुंद ५’ एवढ्यावरून पांच दाणे घ्यावयाचे कीं पांच थेंब, हें मागचापुढचा मजकूर पाहिल्याशिवाय ठरत नाहीं. मागें एखाद्या तेलाचें किंवा अर्काचें नांव असेल तर थेंबच समजावे. तसेंच कहवा शब्दांतील हकार बोलण्यांत गळाला म्हणजे ‘कावा’ उरतो, आणि त्याची गांठ घोड्याच्या काव्याशीं पडते. पागेच्या कागदांत कावा आढळला तर तो घोड्याचाच समजावा, पेल्यांतला नव्हे.

संस्कृतांत कॉफीस प्राचीन नांव नाहीं. हें मीं मुद्दाम आग्रहानें सांगतों, कारण सर्व कांहीं आपल्या ग्रंथांत पूर्वींच होतें असें दाखविण्याची हौस संस्कृत शिकलेल्या मंडळींस फार असते, आणि तिचा उपसर्ग प्रस्तुत लेखकासहि ठाऊक आहे. चरक, सुश्रुत व वाग्भट यांत कॉफीचा गंधहि नाहीं. याचा अर्थ आपले निघंटुकार नव्या द्रव्यांस दार लावून बसले होते असा नव्हे. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें फिरंगरोग नांवाचा नवा रोग आपल्या ग्रंथांत घेतला आणि त्यावर द्वीपान्तरवचा, म्हणजे चोपचिनी, हें परदेशी औषधहि सांगितलें. योगरत्नाकरांत तमाखूचे गुण आले आहेत. तमाखूच्या अशा जुन्या उल्लेखांचा शोध भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनीं किती चिकाटीनें घेतला, हें वाचकांस विदित आहेच. म्हणजे नवें द्रव्य समाजांत रुजलें कीं वैद्य त्याची दखल घेत. कॉफीस अलीकडच्या वनस्पतिकोशांत ‘म्लेच्छफल’ असें संस्कृत नांव दिलेलें आढळतें. पण तें नांवच स्वतःच्या तोंडानें आपली पाहुणेगिरी सांगतें. एखाद्या बाडांत म्लेच्छफल दिसलें तर तें पान उशिराचें समजण्यास हरकत नाहीं.

ही हौस केवळ आपलीच आहे असें मात्र नाहीं. अरबी वैद्यकांत इब्न सीना (मृत्यु इ. स. १०३७) यानें ‘बुंक’ नांवाच्या द्रव्याचें वर्णन केलें आहे, आणि त्याच्याहि पूर्वीं राझी यानें. हें येमेनांतून येणारें द्रव्य म्हणजेच कॉफी, असें पुष्कळांनीं ठोकून दिलें आहे. पण इब्न सीना त्याचा सुवास वर्णितो, तें त्वचा स्वच्छ करतें व अंगास सुगंध आणतें असें सांगतो. झोप उडते असें म्हणत नाहीं. कॉफीचा पहिला गुण ज्याच्या लक्षांत आला नाहीं, त्यानें कॉफी पाहिली होती असें मानणें कठीण. कॉफी पिण्याचा भरंवशाचा पुरावा पंधराव्या शतकाच्या मध्यापासूनचा आहे, व तो येमेनांतील सूफी मंडळींचा. रात्रीच्या जपांत झोप येऊं नये म्हणून ते ती पीत.

आतां गांवाकडे वळूं. १६१० च्या सुमारास खडकी वसविणारा मलिक अंबर हा जातीचा हबशी. आणि कॉफीचें झाडहि मूळचें त्याच हबसाणांतलें. १६१७ मध्यें पीटर व्हान डेन ब्रोके नांवाचा डच व्यापारी सुरतेकडून मच्छलीपट्टणास खुष्कीच्या वाटेनें जात असतां अंबरास भेटला. अंबर लहानपणीं मोखा येथें वीस डुकाटांस विकला गेला होता, असें त्यानें नमूद केलें आहे. मोखा हें येमेनचें बंदर, पुढें सर्व जगास कॉफी पुरविणारें. गंमत अशी, कीं हाच व्हान डेन ब्रोके भेटीच्या अगोदर मोख्यास जाऊन आला होता, आणि कॉफी हाताळलेल्या अगदीं आरंभींच्या डचांत त्याची गणना होते. अंबराचा जन्मदेश, त्याच्या विक्रीचें बंदर, आणि त्याचें वर्णन करणारा माणूस, असे तीन धागे येथें एकत्र येतात. पण यावरून खडकीच्या दरबारांत कहवा फिरत होता असें म्हणतां येणार नाहीं. तीन धागे एका ठिकाणीं आले म्हणून वस्त्र विणलें गेलें असें होत नाहीं.

सुरतेची गोष्ट अधिक भक्कम आहे. हजची जहाजें सुरतेहून तांबड्या समुद्रांत जात, सुरतेचे मोठे व्यापारी मोख्याशीं व्यवहार करीत, आणि सुरतेचा माल बऱ्हाणपूर व औरंगाबाद या वाटांनीं दक्षिणेंत येई. सर टॉमस रो याचा पाद्री एडवर्ड टेरी १६१६ पासून १६१९ पर्यंत हिंदुस्थानांत होता. त्याच्या १६५५ मध्यें छापलेल्या पुस्तकांत कॉफीचें वर्णन आहे. धर्मानें कडक असल्यामुळें मद्यास न शिवणारे कित्येक लोक काळें बीं उकळून केलेलें हें पेय पितात, त्याची चव विशेष नाहीं पण तें पथ्यकर आहे, त्यानें अन्न पचतें, चित्तास हुशारी येते व रक्त शुद्ध होतें, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. या तीन गुणांपैकीं हुशारीचा गुण निर्विवाद खरा. पचनाचा अर्धा खरा. कॉफीनें जठरांत आम्ल अधिक सुटतें, म्हणून कोणास जेवण जिरल्यासारखें वाटतें, तर कोणाच्या छातींत जळजळतें. रक्तशुद्धि हा मात्र त्या काळच्या वैद्यकाचा शब्दालंकार होय. रक्ताचें खरें देणेंघेणें कॉफीशीं निराळेंच आहे, तें पुढें सांगतों.

दुसरा साक्षीदार फ्रेंच प्रवासी झां द तेवनो. १६६६-६७ च्या प्रवासांत तो औरंगाबादेस आला, आणि वेरूळच्या लेण्यांचें वर्णन करणाऱ्या पहिल्या युरोपियनांत त्याचें नांव घेतात. तत्पूर्वीं तुर्कस्तानाविषयीं लिहितांना त्यानें कॉफीची हकीकत सविस्तर दिली आहे. ती जळजळीत गरम पितात, ओठ भाजूं नयेत म्हणून थोडी थोडी भुरकतात, आणि कहवाखान्यांत त्या भुरक्यांचें एक संगीतच चाललेलें असतें, असें तो सांगतो. कोणी तींत लवंग व वेलदोडे घालतात. ज्या फ्रेंच व्यापाऱ्यांस रात्रभर पत्रें लिहावयाचीं असत ते संध्याकाळीं एकदोन पेले घेत, हेंहि त्यानेंच टिपलें आहे. मला तेवनोची ही साक्ष इतर सर्वांहून मोलाची वाटते. कारण ती कोणा वैद्याच्या सिद्धांतावरून निघालेली नसून पाहण्यांतून निघालेली आहे. कोण, केव्हां, किती व कशासाठीं पितो, हें सर्व तींत आहे.

तिसरा साक्षीदार तर या शहरचाच म्हटला पाहिजे. नबाब दर्गाह कुली खान याचा जन्म १७१० चा, संगमनेरचा. आसफजहा निजामुल्मुल्क याच्याबरोबर तो १७३८ मध्यें दिल्लीस गेला आणि तेथें १७४१ पर्यंत राहिला. नादिरशहाची लूट त्याच मुदतींत झाली. दिल्लीचें त्यानें जें फारसी वर्णन लिहून ठेविलें, तें ‘मुरक्का-इ-दिल्ली’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत चांदणी चौकांतील कहवाखान्यांचा उल्लेख असून तेथें शायर जमून आपली कविता ऐकवीत, असें तो लिहितो. पुढें हाच गृहस्थ औरंगाबादेचा सुभेदार झाला. १७६६ मध्यें तो वारला. येथें औषधाचा कांहीं संबंध नाहीं, हें लक्षांत घ्यावें. येमेनच्या फकिरांचें जागरणाचें साधन दिल्लींत शायरांच्या बैठकीचें पेय बनलें होतें, आणि तें पाहून आलेला माणूस दक्षिणेंतला होता. म्हणून अठराव्या शतकाच्या मध्यानंतरच्या दक्षिणी फारसी कागदांत कहवा आढळला तर नवल मानूं नये. त्याच्या शंभर वर्षें अलीकडे-पलीकडे मात्र पुरावा नीट तपासावा.

आतां वैद्यांकडे. कॉफीवर पहिला मोठा खटला मक्केंत १५११ मध्यें झाला. तेथील अधिकारी खैर बेग यानें सभा भरवून दोन इराणी वैद्यबंधूंची साक्ष घेतली. त्यांनीं कॉफी शीत व रूक्ष असून प्रकृतीस अपायकारक आहे असें सांगितलें. सभेंतील दुसऱ्या एकानें जुन्या वैद्याचा आधार देऊन उलट मत मांडलें. बंदी झाली, आणि कैरोच्या सुलतानाकडून ती लवकरच सैल झाली. शीत कीं उष्ण हा वाद पुढें दीडशें वर्षें चालला. जर्मन प्रवासी मँडेल्स्लो १६३८ मध्यें सुरतेस होता. इराणी लोक उष्मा शमविण्याकरितां कहवा घेतात असें तो लिहितो. आपल्या वैद्यांस तिक्त व कषाय चवीचें, भाजलेलें हें द्रव्य दिलें असतें, तर रूक्ष म्हणण्यास त्यांनीं क्षणाचाहि विलंब लावला नसता. शीत-उष्णाविषयीं मात्र त्यांचीहि दोन मतें झालीं असतीं.

या वादाहून कामाचें लिहिणें दाऊद अंताकीचें आहे. हा अंध वैद्य १५९९ मध्यें मक्केंत वारला. त्याच्या ग्रंथांत बुन्नाचे गुण व दोष दोन्ही दिलेले आहेत. कफाचा खोकला व पडसें यांवर तो उपयोगी. पण त्यानें डोकें दुखतें, झोप जाते, अंग वाळतें. म्हणून तो गोड पदार्थ व स्निग्ध द्रव्य यांसह घ्यावा. आणि जे तो दुधाबरोबर घेतात ते चुकतात, कारण त्यामुळें ‘बरस’ होण्याचें भय आहे. बरस म्हणजे अंगावर उठणारे पांढरे डाग, आपलें श्वित्र. तुर्की पंडित कातिब चेलेबी यानेंहि १६५६ मध्यें असेंच विवेकानें लिहिलें. रूक्ष प्रकृतीच्या, त्यांतहि उदासीन वृत्तीच्या माणसानें कॉफी फार घेऊं नये. घ्यावयाची तर साखर भरपूर घालावी, असें त्याचें मत.

यांतील एकेक कलम आजच्या कसोटीस लावून पाहूं. झोप जाते, हें पूर्ण खरें, आणि कारणहि आतां ठाऊक आहे. कॉफींतील कॅफीन हें द्रव्य रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८१९ मध्यें वेगळें काढलें. दिवसभराच्या श्रमानें मेंदूंत अडेनोसिन नांवाचें द्रव्य सांचत जातें व त्याच्या योगें गुंगी येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतें. गुंगी नाहींशी होत नाहीं; तिचा निरोप तेवढा पोंचत नाहीं. शरीरांतील कॅफीन निम्म्यावर येण्यास साधारणपणें पांच तास लागतात; म्हणजे सायंकाळीं सहा वाजतां घेतलेल्या पेल्याचा अर्धा अंमल रात्रीं अकरा वाजतां शिल्लक असतो. रात्रीं पोथ्या लावीत बसणाऱ्या आम्हां मंडळींनीं हा हिशेब ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. हा वेग सर्वांचा सारखा नसतो. यकृतांतील जें द्रव्य कॅफिनाचा निकाल लावतें, त्याची शक्ति माणसागणिक निराळी व बऱ्याच अंशीं आनुवंशिक असते. जुने वैद्य प्रकृतिभेद म्हणत, त्याचें एक खरें अंग येथें सांपडतें. विडी ओढणाराच्या शरीरांत कॅफीन लवकर संपतें; म्हणून विडी सोडलेल्या माणसास तीच कॉफी एकाएकीं भारी वाटूं लागते. गर्भिणीच्या शरीरांत उलट तें फार रेंगाळतें. अखेरच्या महिन्यांत निम्म्यावर येण्यासच पंधरा तासांपर्यंत लागतात.

डोकें दुखतें, हेंहि खरें. पण अंताकीच्या अर्थानें नव्हे. नित्य पिणारानें एकदम सोडली म्हणजे बारा ते चोवीस तासांत डोकें उठतें. आपल्याकडे निर्जळी उपासाच्या किंवा रोजाच्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं जें डोकें धरतें तें सर्व पित्ताच्या माथीं मारण्याची चाल आहे; त्यांतील कांहीं दोष सकाळच्या चुकलेल्या पेल्याचा असतो. ज्यांस असे उपास करावयाचे आहेत त्यांनीं आठवडाभर आधींपासून पेला कमी करीत आणावा, म्हणजे त्रास होत नाहीं. याच्या उलट डोकेंदुखीच्या कित्येक गोळ्यांत कॅफीनच घातलेलें असतें. एकच द्रव्य रोग व औषध दोन्ही कसें होतें, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

अंग वाळतें, हें मात्र टिकत नाहीं. कॉफीनें लघवी किंचित् वाढते, परंतु संवय झालेल्या माणसानें बेतानें घेतल्यास शरीरांतील पाणी कमी होत नाहीं.

दुधाविषयींचें भय सर्वस्वीं निराधार आहे. पांढरे डाग हे त्वचेंतील रंग तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्यानें पडतात; महारोग तर निराळाच असून त्याचे जंतु हान्सेन यानें १८७३ मध्यें शोधिले. दुधाच्या कॉफीचा दोहोंशींहि संबंध नाहीं. पण हें मत अंताकीला सुचलें कसें, हें समजण्यास आपल्याला फार लांब जावयास नको. चरकानें विरुद्धाशनाच्या परिणामांत किलास व कुष्ठ सांगितलें आहे, आणि दूध व मासे एकत्र घेऊं नयेत हा नियम आपल्या घरोघर अद्याप पाळतात. दोन देशांचे वैद्य त्वचेवरील डागाचें कारण पोटांतल्या न जुळणाऱ्या जोडींत शोधीत होते. असें वाक्य एखाद्या बाडांत मिळालें तर तें जपावें, त्याची नक्कल करावी. आचरणांत आणूं नये.

साखरेच्या सल्ल्याविषयीं काय म्हणावें? सतराव्या शतकांत साखर महाग असून चिमटीनें वापरली जाई. तेव्हां तो सल्ला निरुपद्रवी होता. आज दिवसांतून चार पेले, प्रत्येकांत दोन चमचे साखर, हें प्रमाण चालूं राहिलें तर कॉफीच्या नांवावर जमा होणारें नुकसान वस्तुतः साखरेचें असतें. बिनसाखरेची कॉफी घेणारांत मधुमेह कमी आढळतो असें पुष्कळ पाहण्यांवरून दिसून आलें आहे, आणि आपण मात्र तींत मधुमेहाचें साधनच मिसळतों.

एक गोष्ट ओलिआरिउस या जर्मन प्रवाशानें इराणांतून आणली. सुलतान महमूद नांवाचा राजा कहव्याच्या इतका अधीन झाला कीं त्यास राणीचा वीट आला. पुढें एका घोड्यास खच्ची करतांना पाहून राणी म्हणाली कीं एवढा खटाटोप कशाला, त्यास कहवा पाजा म्हणजे झालें. गोष्ट खुमासदार आहे. पण हा महमूद गझनीचाच धरला, तर तो १०३० मध्यें वारला. म्हणजे कॉफी पिण्याच्या पहिल्या भरंवशाच्या पुराव्यापूर्वीं चारशें वर्षें. कालगणनेनेंच गोष्ट पडते, आणि वैद्यकांतहि अशा परिणामास आधार नाहीं. तरी युरोपांत तिच्या जोरावर कॉफीची पुष्कळ निंदा झाली. कालगणना नीट केली तर वैद्यकाचाहि फायदा होतो, तो असा.

आतां कृतीविषयीं थोडें. कारण येथें शार्ङ्गधर अनपेक्षितपणें उपयोगी पडतो. त्यानें सांगितलेल्या पांच कषायकल्पनांत क्वाथ व फांट हे दोन प्रकार आहेत. द्रव्य पाण्यांत घालून उकळून आटविलें म्हणजे क्वाथ. चूर्णावर कढत पाणी ओतून गाळून घेतलें म्हणजे फांट. तुर्की व अरबी पद्धतीचा कहवा हा क्वाथ होय, आणि गाळणीच्या भांड्यांतून उतरविलेली कॉफी हा फांट होय. हा भेद केवळ नांवाचा नाहीं. कॉफीच्या तेलांत काफेस्टॉल व काहविओल नांवाचीं दोन द्रव्यें असतात (दुसऱ्याच्या नांवांत आपला कहवा अजून जिवंत आहे). उकळलेल्या, न गाळलेल्या कॉफींत तीं पेल्यांत उतरतात आणि रक्तांतील अपायकारक चरबी वाढवितात. कागदाच्या गाळणींत तीं बहुतेक अडकतात. धातूच्या जाळींतून बऱ्याच अंशीं निसटतात. तयार विरघळणाऱ्या भुकटींत अत्यल्प असतात. टेरीच्या रक्तशुद्धीचा निकाल असा लागतो. ज्यांस हृदयविकार आहे किंवा रक्तांत चरबी अधिक निघाली आहे, त्यांनीं रोज क्वाथ न घेतां फांट घ्यावा, आणि तोहि कागदांतून गाळून.

तेवनोनें ऐकलेलें भुरक्यांचें संगीत आठवावें. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९१ मध्यें कॉफीवर मूत्राशयाच्या कर्करोगाचा संशय घेतला होता. २०१६ मध्यें सर्व पुरावा पुन्हां पाहून तो मागें घेतला. मात्र त्याच वेळीं पासष्ट अंशांहून अधिक गरम असें कोणतेंहि पेय अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारण होतें, असें तिनें ठरविलें. म्हणजे दोष पेयाचा नसून आंचेचा. चुलीवरून उतरलेली कॉफी घटकाभर निवूं द्यावी. बशींत ओतून पिण्याची आपली जुनी चाल, जिला शिकलेले लोक हंसतात, ती या दृष्टीनें शहाणपणाची आहे.

महाराष्ट्रांतील घरगुती कॉफी ही दुधांतली, गोड, आणि जायफळ किंवा वेलदोडा लाविलेली. जातीफल हें आपल्या निघंटूंतील मानाचें द्रव्य, आणि घरोघर त्याची ख्याति झोप आणण्याची. जागविणाऱ्या पेयांत निजविणारें फळ उगाळून घालण्याची ही कल्पना ज्या कोणा सुगरणीची असेल तिच्या बुद्धीचें कौतुक वाटतें; मात्र चिमटीभर जायफळानें कॅफिनाचा अंमल उतरत नाहीं. जायफळ तोळ्याच्या हिशेबांत गेल्यास भ्रम व वांति होतात, म्हणून तें उगाळून वासापुरतेंच घालावें.

आपल्या घरांतील खरा धोका याहून निराळा आहे, व त्याची चर्चा कमी होते. जेवणाबरोबर किंवा जेवण होतांच कॉफी घेतली असतां धान्य, डाळी व भाजीपाला यांतील लोह शरीरांत नीट शोषलें जात नाहीं. रक्तक्षयानें ग्रासलेल्या स्त्रिया आपल्याकडे थोड्या नाहींत, आणि पंगत उठल्यावर सर्वांत शेवटीं जेवून लागलीच पेला तोंडाला लावणारीहि बहुधा घरांतील स्त्रीच असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनीं २०२४ मध्यें काढलेल्या आहारविषयक सूचनांत जेवणापूर्वीं व जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळावी असें सांगितलें आहे. एकादशीस रिकाम्या पोटीं दोनदोन पेले घेऊन उपास साजरा करण्याची रीतिहि पित्तप्रकृतीच्या माणसास मानवत नाहीं. ही कॉफी धर्मशास्त्रास चालत असली तरी जठरास चालतेच असें नाहीं.

किती घ्यावी, याचें उत्तर जुन्यांनीं प्रकृतीवर सोडलें. आज तें अंकांनीं देतां येतें. वरील सूचनांप्रमाणें दीडशें मिलिलिटर उतरविलेल्या कॉफींत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असतें, तयार भुकटीच्या कॉफींत ५० ते ६५, चहांत ३० ते ६५. आणि दिवसाचें एकंदर ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊं नये. युरोपांतील अन्नसुरक्षा संस्थेनें २०१५ मध्यें निरोगी प्रौढास ४०० पर्यंत मोकळीक दिली, गर्भिणीस २०० पर्यंतच. गर्भिणीच्या बाबतींत ढिलाई करूं नये; अधिक कॉफीचा संबंध कमी वजनाचें मूल व गर्भपात यांशीं जोडला गेला आहे. ज्यांची छाती धडधडते, रक्तदाब ताब्यांत नाहीं किंवा झोप मुळांतच कमी आहे, त्यांनीं वैद्याचा सल्ला घ्यावा.

दुसऱ्या पारड्यांत काय पडतें तेंहि सांगितलें पाहिजे, नाहींतर हा लेख खैर बेगाच्या सभेसारखा व्हावयाचा. २०१७ मध्यें ब्रिटिश मेडिकल जर्नल या पत्रांत शेंकडों पाहण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. रोज तीनचार पेले घेणारांत न घेणारांपेक्षां मृत्यूचें व हृदयविकाराचें प्रमाण कमी आढळलें. यकृताचे विकार, मधुमेह व कंपवात यांविषयींहि कल तोच. उलट बाजूस गर्भिणीचा धोका, आणि स्त्रियांत हाडें मोडण्याचा थोडा संभव. परंतु यांतील बहुतेक पाहण्या म्हणजे लोक काय पितात व त्यांचें पुढें काय होतें याच्या नोंदी आहेत. कॉफीमुळेंच तसें झालें हें त्यांनीं सिद्ध होत नाहीं. आजारी माणूस आपण होऊन कॉफी सोडतो, आणि मग न पिणारांच्या गणतींत आजारी अधिक भरतात. असा घोटाळा त्यांत असूं शकतो. म्हणून जो पीत नाहीं त्यानें औषध म्हणून सुरू करण्याचें कारण नाहीं, आणि जो बेतानें पितो त्यानें भिण्याचेंहि नाहीं.

शेवटीं संग्राहकांसाठीं दोन व्यावहारिक गोष्टी. बुंदाची किंवा कहव्याची कृति मिळाल्यास ती मूळ लेखकाच्या हातची आहे कीं मागाहून कोणी भरली आहे, हें अक्षर, शाई व रेघांची मांडणी यांवरून आधीं ठरवावें, आणि मगच तिचा काळ लिहावा. कृतींत साखर, दूध, लोणी, वेलदोडे यांपैकीं काय सांगितलें आहे तें जशाच्या तसें उतरून घ्यावें. कारण स्निग्ध व गोड यांचा आग्रह आणि दुधाचा निषेध दिसला तर ती कृति यूनानी वैद्यकाच्या वाटेनें आलेली असावी, आणि दूध व जायफळ आलें तर ती आपल्या स्वयंपाकघरांतून आलेली. जमाखर्चाच्या कागदांत बुंद कोणत्या रकान्यांत पडला आहे, तेंहि पाहावें. हिरडा, बेहडा, सोनामुखी यांच्या ओळींत असेल तर तो घरांत औषध म्हणून येत होता. साखर, लवंग, वेलदोडे यांच्या शेजारीं असेल तर तेथें पाहुण्यास पेला देण्याची रीत सुरू झाली होती.